तबकडीवर दोन वाजले होते

दुसऱ्याचे अहित स्वतःच्या हाताने करणे आणि ते होत असताना पाहून गप्प राहणे, या दोहोंत अंतर आहे असे आपण मानतो, आणि व्यवहारात ते मानावेही लागते. परंतु ज्याच्या मनात मत्सर शिरला आहे, त्याच्यापुरते हे अंतर फार थोडे उरते. यशवंतरावांना ही गोष्ट वयाच्या सत्तराव्या वर्षी, मिरजेपासून हजारो कोसांवर, भाड्याच्या मोटारीच्या मागच्या आसनावर बसून कळली. तत्पूर्वी छत्तीस वर्षे त्यांनी मुलांना संस्कृत शिकवले होते आणि ‘मत्सर’ या शब्दाची व्युत्पत्ती कितीतरी वेळा फळ्यावर लिहून दाखवली होती.

दोन हजार अकराच्या मे महिन्यात ते आयर्लंडला, किलकेनी गावी आले. त्यांचा एकुलता एक मुलगा गिरीश तेथील सरकारी इस्पितळात भूल देणारा डॉक्टर होता. सून शुभदा घरूनच केक करून विकत असे, आणि आठ वर्षांची नात रुचा मराठीतला प्रश्न नीट समजून घेऊन त्याचे उत्तर तिथल्या धाटणीच्या इंग्रजीत देत असे. पत्नी गेल्यापासून यशवंतराव मिरजेत एकटेच राहत होते. पहिले तीन आठवडे त्यांना फार सुखाचे गेले. गिरीश सुट्टीच्या दिवशी त्यांना नदीकाठाने किल्ल्यापर्यंत फिरायला नेई. दोघे बोलत थोडे. पण मुलगा आपल्या शेजारून, आपल्या गतीने चालतो आहे, एवढ्यावर म्हाताऱ्याचे मन भरून येई.

गिरीश त्यांना ‘सर’ म्हणत असे. याचे कारण त्यांनी स्वतःच घडवलेले होते. मुलगा पाचवीत त्यांच्याच शाळेत आला, तेव्हा त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावले होते, “फाटकाच्या आत मी तुझा बाबा नाही. इथे सर म्हणायचं. नाहीतर लोक म्हणतील, पोराला गुण वाटतो.” दहा वर्षांच्या मुलाला फाटकापाशी रोज दोनदा शब्द बदलणे जमेना. महिनाभरात तो घरीही ‘सर’ म्हणू लागला, आणि मग तेच राहिले. आई हसून म्हणायची, “अहो, जेवायला बसा, तुमचा विद्यार्थी वाट बघतोय.” त्या काळी यशवंतरावांना याचा अभिमान वाटे. आपल्या घरातही शाळेची शिस्त आहे, असे ते चारचौघांत सांगत.

जूनच्या आरंभी शुभदाचे वडील गुरुनाथराव पुण्याहून आले. वयाने ते यशवंतरावांहून चार वर्षांनी लहान. मस्कतला एका बांधकाम कंपनीच्या कोठारावर त्यांनी बारा वर्षे काम केले होते. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्यातच राहिल्या होत्या. गुरुनाथरावांनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कपाटाचे लोंबकळणारे दार बसवले, तिसऱ्या दिवशी शेजारच्या नोरीनबाईंच्या बागेतले गवत कापायचे यंत्र चालू करून दिले, आणि आठवड्याभरात त्या आळीत ते सर्वांचे ‘गुरू’ झाले. नोरीनबाई कुंपणावरून विचारत, “हाऊ आर यू, गुरू?” आणि हे तिथल्यासारखेच, मान तिरपी करून म्हणत, “ग्रँड!”

“यात भव्य काय आहे?” यशवंतरावांनी एकदा विचारले.

“काहीच नाही हो, यशवंतराव. इथे बरं आहे म्हणायचं तर ग्रँड म्हणतात. पाय मोडला तरी ग्रँड.”

रुचा खदखदून हसली. यशवंतरावही हसले, पण आपण महिनाभर या घरात आहोत आणि ही मुलगी एकदाही अशी हसली नाही, हे त्यांच्या मनाने लगेच टिपून ठेवले.

खरा काटा मात्र निराळाच होता. पहिल्याच संध्याकाळी इस्पितळातून आलेला गिरीश दारातून आत येत म्हणाला, “बाबा, प्रवास कसा झाला?” यशवंतराव खुर्चीतून अर्धवट उठले. उत्तर त्यांच्या ओठांवर आले होते. मग ध्यानात आले की प्रश्न त्यांना नव्हता. शुभदा वडिलांना बाबा म्हणते, म्हणून तोही म्हणतो. यात वावगे काही नाही. जावयाने सासऱ्याला बाबा म्हणणे ही आपल्याकडची रीतच आहे. हे सारे त्यांनी स्वतःला नीट समजावून सांगितले. तरी त्या रात्री जेवताना तो शब्द आठ वेळा उच्चारला गेला, हे त्यांना ठाऊक होते, कारण त्यांनी ते मनात मोजले होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गिरीशला चार दिवसांची रजा मिळाली आणि डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन पाहायचे ठरले. दोघा ज्येष्ठांनी व्हिसाचे सोपस्कार मुंबईतच उरकून घेतले होते. विमानतळावर उतरून मोटार भाड्याने घ्यायची, म्हणजे म्हाताऱ्यांना पायपीट नको, असा गिरीशचा बेत होता. खिडकीमागच्या तरुणीने त्याचा भारतातला परवाना उलटसुलट करून पाहिला आणि हसतमुखाने परत दिला. त्याची मुदत एप्रिलमध्येच संपली होती. आयर्लंडचा परवाना पुढे केला, तर तो शिकाऊ निघाला; तिथली परीक्षा गिरीश दोनदा नापास झाला होता.

“संपलं!” शुभदा म्हणाली. “गिरीश, तू घरून निघताना बघितलं नाहीस? पेशंटला झोपवायच्या आधी शंभर गोष्टी तपासतोस ना?”

“पेशंटवर तारीख छापलेली नसते,” गिरीश पुटपुटला.

एवढ्यात गुरुनाथरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पुस्तिका काढली. पुण्याच्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना. “असू द्यावा म्हटलं जवळ. मस्कतला बारा वर्षं उजव्या बाजूनं चालवली आहे मी. इथेही उजवीकडूनच ना? मग झालं तर!”

“बाबा, यू आर अ लाइफसेव्हर!” गिरीशने त्यांना चक्क मिठी मारली.

यशवंतरावांनी मुलाला मिठी मारल्याचे स्वतःला आठवून पाहिले. गिरीश प्रथमच परदेशी निघाला तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला होता आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. तेवढेच.

मोटारीत आसनांची वाटणी न बोलताच झाली. गुरुनाथराव चालकाच्या जागी, त्यांच्या शेजारी रस्ता सांगायला गिरीश, मागे शुभदा, मध्ये रुचा आणि चालकाच्या पाठीमागे यशवंतराव. त्यांच्या वाट्याला गुरुनाथरावांची मान आली. मोटारीसोबत मिळालेले माहितीपत्रक कोणी वाचायला घेईना, तेव्हा ते त्यांनी आपल्याजवळ ठेवले आणि मुक्कामी पोचल्यावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचले. छापील मजकूर वाचल्यावाचून सोडायचा नाही, हा त्यांचा जन्माचा स्वभाव होता.

शहर देखणे होते. बंदराच्या काठाने रंगीत घरांची रांग, तिच्यासमोर डोलकाठ्यांची गर्दी आणि सर्वत्र सायकली. गोल मनोऱ्यावर चढायला पायऱ्या नव्हत्या, आतून नुसता वळत वळत वर जाणारा उतार होता. पूर्वी एक राजा यावरून घोडा चढवीत गेला होता, असे यशवंतरावांनी वाचले होते. ते सांगावे म्हणून त्यांनी वळून पाहिले, तर रुचा केव्हाच पुढे पळाली होती. “आबा, रेस यू!” असे ओरडत ती गुरुनाथरावांचा हात ओढत होती आणि ते धापा टाकत, हसत तिच्यामागे जात होते. यशवंतराव ती गोष्ट मनात तशीच घेऊन एकटे वर पोचले.

दुसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या शिळेवर बसलेली मत्स्यकन्या पाहिली. पाण्यातल्या कन्येवरून त्यांना पाताळातली नागकन्या आठवली, तिचे आख्यान आठवले, आणि या वेळी मात्र त्यांनी सुरुवात केली, “रुचा, आपल्याकडेही अशी एक नागकन्या होती बरं का. तिचं नाव—”

“एवढीशी?” गुरुनाथराव मूर्तीकडे बघत म्हणाले. “अहो, आमच्या पेठेतल्या मंडळाचा उंदीर याहून मोठा असतो!”

सगळे हसले. शेजारचे एक अनोळखी गुजराती कुटुंबही हसले. नागकन्येचे नाव कोणी विचारले नाही.

परतताना मोटारीत पुढे काही कुजबुज चालली होती. गिरीश खालच्या आवाजात सासऱ्यांना काहीतरी सांगत होता. रुचा झोपली होती, खिडकी थोडी उघडी होती, वाऱ्यामुळे शब्द तुटत होते. यशवंतरावांनी कान दिला. मध्येच त्यांना स्पष्ट ऐकू आले, “...सर...” आणि पाठोपाठ दोघेही पोट धरून हसले.

यशवंतरावांनी खिडकीबाहेर तोंड फिरवले. आपला मुलगा सासऱ्याजवळ आपल्याला हसतो, हे आता त्यांच्या दृष्टीने सिद्ध झाले होते. आणि ज्या वस्तूची सिद्धी मत्सर करून देतो, तिला दुसऱ्या प्रमाणाची गरज उरत नाही.

तिसरा दिवस शेवटचा होता. संध्याकाळच्या विमानाने परतायचे होते. सकाळी शहराच्या उत्तरेला, समुद्राजवळ हरणांचे जुने राजवनातले कुरण आहे, तिकडे जायचे ठरले. कुरणाच्या तोंडाशी झाडाखाली मोटारी लावायची जागा होती. तिथे पैसे पडत नसत, पण एक नियम होता. त्या देशात प्रत्येक मोटारीच्या पुढच्या काचेला आतून एक छोटी तबकडी लावलेली असते, घड्याळासारखी, एकच काटा असलेली. मोटार उभी केली की आपण आलो ती वेळ काट्याने दाखवायची. तपासनीस येतो, तबकडी पाहतो, आणि ठरलेल्या मुदतीहून मोटार अधिक वेळ उभी नाही ना, हे त्यावरून ताडतो. पत्रकाच्या नवव्या पानावर हे सचित्र दिलेले होते.

गुरुनाथरावांनी मोटार दोन झाडांच्या मध्ये नेटकी लावली. मग मनगटाकडे पाहिले आणि काटा फिरवून दोनवर ठेवला.

यशवंतरावांनी आपल्या घड्याळात पाहिले. साडेदहा वाजले होते.

क्षणभर त्यांना उलगडा झाला नाही, आणि मग झाला. गुरुनाथरावांच्या मनगटावरचे घड्याळ पुण्याची वेळ दाखवीत असे. हे घरात सर्वांना माहीत होते. पद्मजाबाई दुपारी चार वाजता चहा घेत. त्याच क्षणी आपणही इथे घोट घ्यायचा, असा या गृहस्थांचा नेम होता आणि त्यासाठी त्यांनी घड्याळ बदलले नव्हते. किलकेनीत साडेअकराला ते ठरल्याप्रमाणे आधण ठेवीत. आता सवयीने त्यांनी तीच वेळ काचेवर लावली होती. तपासनीस येईल, साडेअकराला येईल किंवा बाराला, आणि त्याला दिसेल की ही मोटार दुपारी दोन वाजता यायची आहे.

“गुरुनाथराव, तुमचं घड्याळ...” शब्द जिभेवर आले. नेमके तेव्हाच गिरीशने सासऱ्यांच्या खांद्यावर थाप दिली. “क्या बात है, बाबा! एका दमात लावलीत. मी असतो तर चारदा मागेपुढे केलं असतं.”

यशवंतरावांनी ते शब्द गिळले. दार उघडून ते उतरले, छत्री घेतली, आणि तबकडीकडे पुन्हा पाहिले नाही. उद्या कोणी विचारले तर आपण काही केले नाही, एवढे त्यांना निश्चित म्हणता आले असते.

कुरणात शेकडो हरणे होती. रुचा त्यांच्यामागे पळाली. साडेबारा वाजता गुरुनाथरावांनी एका ओंडक्यावर बसून थर्मास उघडला आणि म्हणाले, “चार वाजले. पद्मजानं आत्ता गाळणं घेतलं असेल.” त्यांनी पहिला पेला यशवंतरावांपुढे धरला. यशवंतराव म्हणाले, “नको, आज पोट ठीक नाही.” हे मात्र खरे होते.

परत आले तेव्हा मोटारीच्या काचेवर वायपरखाली प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद खोचलेला होता.

“दंड?” गिरीशने कागद उघडला. “पण आपण वेळेच्या आत आहोत... थांब. हे दोन कोणी लावलं? आपण साडेदहाला आलो ना?”

गुरुनाथराव मनगटाकडे बघत म्हणाले, “दोनच वाजले होते की.” आणि वाक्य संपता संपता त्यांचा चेहरा उतरला.

“बाबा!” शुभदाचा आवाज त्या उघड्या जागेत फार मोठा झाला. “किती वेळा सांगितलं घड्याळ बदला, घड्याळ बदला! सगळ्याची चेष्टा! परक्या देशात, परक्याची गाडी, गिरीशच्या कार्डावर. तुम्हाला झेपत नाही तर घेऊ नये हौसेनं अंगावर!”

जवळच एक डॅनिश जोडपे सायकली लावत होते. शब्द समजले नसूनही त्यांनी नजर फिरवली.

“इट्स ओके, शुभदा. मी शेजारी होतो, मी बघायला हवं होतं,” गिरीश म्हणाला. मग सहज वळून, कोणताही आरोप न ठेवता, तो बोलून गेला, “सर, तुम्ही तर ते पत्रक पाठ केलं असेल. तुमच्या नजरेतून कसं निसटलं?”

यशवंतराव म्हणाले, “नाही आलं लक्षात.”

छत्तीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला आपला आवाज कुठे खोटा पडतो ते ऐकू येते. गिरीशला मात्र आले नाही. त्याने मान डोलावली. सर म्हणत आहेत, म्हणजे तसेच.

विमानतळापर्यंतच्या वाटेवर गुरुनाथराव प्रत्येक सिग्नलपाशी विचारीत राहिले, “गिरीश, जाऊ ना? बरोबर आहे ना?” मागच्या आसनावरून यशवंतरावांना त्यांची मान दिसत होती. कॉलरच्या वर पांढरे बारीक केस होते, आणि त्यांवर घाम होता.

किलकेनीला परतल्यावर यशवंतरावांना जे हवे होते ते सारे मिळाले. गुरुनाथराव कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसू लागले. कुंपणापलीकडून नोरीनबाईंनी हाक मारली तर हात हलवून आत येत. तिसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, “गिरीश, माझं तिकीट जरा अलीकडे करता येईल का? पुण्यात कामं आहेत.” शुभदा ताटातला हात थांबवून क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. संध्याकाळी गिरीश पुन्हा वडिलांना घेऊन नदीकाठी गेला. किल्ल्याच्या भिंतीवर सोनेरी ऊन होते. मुलगा शेजारून, त्यांच्या गतीने चालत होता. यशवंतरावांना त्या वाटेत काही गोड लागले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गिरीश इस्पितळात, शुभदा नास गावी एका लग्नाचा केक पोचवायला आणि रुचा शाळेत होती. घरात दोघेच. गुरुनाथराव स्वयंपाकघरात चहाचे भांडे हातात घेऊन उभे होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पुटपुटत होते.

“काय झालं?” यशवंतरावांनी विचारले.

“मनगटावरचं बदललं ना परवा. आता तिकडे चार कधी होतात ते बोटांवर मोजावं लागतं. साडेचार तास की साडेतीन, माझा गोंधळ होतो.” ते ओशाळे हसले. “बसा, तुमच्यासाठीही टाकतो. पोट बरं आहे ना आता?”

यशवंतराव बसले. चहा झाला. गुरुनाथराव कपाच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

“यशवंतराव, एक सांगू? जायच्या आधी सांगायलाच हवं. मला तुमचा हेवा वाटतो.”

“माझा?”

“तुमचाच. अहो, जन्मभर कोठारात खिळे आणि सिमेंट मोजलं मी. मला कधी कोणी सर म्हटलं नाही. गिरीश त्या दिवशी गाडीत सांगत होता. इथे नोकरीला लागला तेव्हा सवयीनं मोठ्या डॉक्टरला सर म्हणाला. तो हसायला लागला. म्हणे, मला सर म्हणायचं तर आधी किताबासाठी इंग्लंडच्या राणीकडे पाठवावं लागेल, आणि ते आमच्या आयरिश घरी खपायचं नाही! डेक्लन म्हण मला. आम्ही हसलो किती! मग गिरीश म्हणाला, बाबा, तेव्हापासून तो शब्द मी बाहेर कुणासाठी वापरलाच नाही. जगात आता एकच सर उरलेत.” त्यांनी एक घोट घेतला. “मला बाबा म्हणतो, ते काय, समोर कोणीही पिकल्या केसांचा आला की तो बाबाच असतो.”

यशवंतरावांनी कप खाली ठेवला. गप्प राहण्याची ही दुसरी संधी होती, आणि पहिलीहून सोपी होती. हा माणूस आता लवकरच जाईल. मुलाच्या तोंडचा तो शब्द आता त्यांना त्याच्या पूर्ण अर्थासह मिळाला होता. कोणाला काही कळणार नव्हते. आणि कळले तर, ज्या एकाच माणसासाठी गिरीशने तो शब्द राखून ठेवला होता, तो माणूस त्याच्या मनातून जाईल.

“गुरुनाथराव,” ते म्हणाले, “तुम्ही काटा दोनवर ठेवलात, तेव्हा मी पाहिलं होतं.”

“काय?”

“साडेदहा वाजलेत, आणि तुमचं घड्याळ पुण्याचं आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. मी बोललो नाही.”

गुरुनाथरावांना अर्थ लागायला वेळ लागला. “विसरलात का? मध्येच कुणी बोललं का?”

“नाही. बोलायचं नाही असं ठरवून बोललो नाही.”

“का पण?”

“तो तुम्हाला बाबा म्हणतो, म्हणून.”

गुरुनाथराव उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठ तशीच ठेवून ते बोलले, आणि त्यांचा आवाज यशवंतरावांनी कधी ऐकला नव्हता तसा होता. “माझी पोर मला चारचौघांत बोलली हो. जन्मात पहिल्यांदा. चार दिवस मी स्वतःला म्हणतोय, गुरुनाथ, तू म्हातारा झालास, तुझं डोकं चालेनासं झालं. तिकीट बदलून मागितलं मी. आणि तुम्ही मागं बसून...” त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही.

“तुम्ही म्हणाल ते मी ऐकून घेईन.”

“मी काय म्हणणार? व्याही आहात तुम्ही.” थोड्या वेळाने ते वळले. डोळे लाल होते, पण ओठांचा कोपरा नकळत वाकला होता. “आणि एका शब्दासाठी? अहो, मागून घ्यायचात! मी दिला असता!”

यशवंतरावांना हसू आले नाही. ते म्हणाले, “आज सगळे जेवायला बसतील, तेव्हा मी हे सांगणार आहे.”

“राहू द्या आता. झालं ते झालं.”

“तुमचा अपमान सगळ्यांसमोर झाला. तो सगळ्यांसमोरच पुसायला हवा.”

त्या देशात जूनमध्ये जेवणाच्या वेळीही बाहेर लख्ख ऊन असते. शुभदाने आमटी वाढली, भात वाढला. यशवंतराव उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आले नसते. त्यांनी सारे सांगितले, थोडक्या शब्दांत, काही न वगळता. गिरीशला दिलेले खोटे उत्तरही सांगितले.

शुभदा ताटावरून उठली. वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन तिने दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि कपाळ त्यांच्या केसांवर टेकले. “बाबा, मी किती वाईट बोलले तुम्हाला,” ती म्हणाली. “तिकीट बदलायचं नाही. ऐकताय ना?” गुरुनाथराव नुसते तिचे हात थोपटत राहिले. रुचाने आबांकडून यशवंतरावांकडे पाहिले आणि हळूच विचारले, “इज आजोबा इन ट्रबल?”

गिरीश वडिलांकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यात काय आहे ते यशवंतरावांना वाचता येत नव्हते. त्यांनी नजर खाली घातली नाही. जे जायचे असेल ते समोरून जावे, एवढेच त्यांनी ठरवले होते.

“शाळेत,” अखेर गिरीश म्हणाला, “कुणी चूक केली की तुम्ही त्याला उभं करायचात. त्यानं सगळं नीट कबूल केलं की शिक्षा नसायची. तुम्ही फक्त एकच वाक्य म्हणायचात. आठवतंय?”

यशवंतरावांना आठवत होते.

गिरीश उठला, वळसा घालून त्यांच्या खुर्चीपाशी आला आणि ती त्याने थोडी पुढे ओढली.

“कबूल केलंत ना?” तो म्हणाला. त्याचा स्वर पूर्ण निवळला नव्हता. त्यात राग होता, दुःखही होते, ते त्याने लपवले नाही. “बसा आता. आमटी निवतेय.”

यशवंतराव बसले. गुरुनाथरावांनी तुपाची वाटी सरकवत सरकवत त्यांच्यापर्यंत आणली. मग सर्वांनी जेवायला सुरुवात केली.

ज्याने उशिरा का होईना तोंड उघडले त्याला पुढील दिवसांत निर्मळ झोप लाभो. ज्याने ऐकून घेतले त्याचा चहा नेमाच्या वेळी, त्याच्या माणसासोबत होवो. मुलीचा शब्द आणि मुलाचा राग दोन्ही हळूहळू निवोत. आणि त्या घरातल्या लहानगीला दोन्ही आजोबांचा हात दीर्घकाळ धरायला मिळो.